गावठी इंग्रजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणत्याही जिनसेला ‘गावठी’ हे विशेषण लागले की तिचा भाव चढतो. अंडी असोत, मिरच्या असोत की उकडे तांदूळ, गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजून तेच नेते. शब्दांच्या बाजारात मात्र नेमके उलटे घडते, आणि ते केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. गेल्या अंकात एका वाचकाने ‘वॅसेल’ या इंग्रजी शब्दाविषयी विचारले होते. नाताळच्या दिवसांत इंग्लंडच्या खेड्यांत गाणारे मेळ घरोघर हिंडत, त्या फेरीला आणि त्या गाण्यांना हे नाव आहे. मुळात ‘निरोगी राहा’ अशा अर्थाचा तो जुना आशीर्वाद, पुढे तो आशीर्वाद देऊन घ्यायच्या पेयाला आणि शेवटी त्या फेरीलाच चिकटला, असे उत्तर आम्ही दिले होते. त्यावरून बरीच पत्रे आली. इंग्रजी साहित्यातले आणि गाण्यांतले जुने, बोलीतले शब्द हाच सर्वांचा विषय असल्यामुळे या खेपेचे सदर त्यांनाच दिले आहे.

पणजीहून एक वाचक लिहितात : एकतीस डिसेंबरच्या रात्री आमच्या वाड्यावरची मुले गवताचा म्हातारा जाळतात आणि त्याच वेळी जवळच्या क्लबातून ‘ऑल्ड लँग साइन’ ऐकू येते. गेली चाळीस वर्षे मी ते गुणगुणतो. पण पहिल्या दोन ओळींपुढचा एकही शब्द कळत नाही. हे इंग्रजीच आहे ना?

उत्तर : आहेही आणि नाहीही. गाणे स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातल्या ‘स्कॉट्स’मध्ये आहे. काही अभ्यासक तिला इंग्रजीची बोली मानतात, काही इंग्रजीची स्वतंत्र बहीण मानतात. भाषा कोणती आणि बोली कोणती, हा वाद गोव्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही आणि या सदरात तो उकरून काढण्याची माझी इच्छाही नाही.

कवी रॉबर्ट बर्न्स याने हे गीत १७८८ मध्ये एका पत्रातून पाठवले. आपण ते एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतले, असे तो सांगत असे. छापून आले ते १७९६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी. ‘ऑल्ड लँग साइन’ हे शब्द त्याच्याआधीच्या गीतांतही सापडतात. शब्दशः अर्थ ‘जुने, लांब, तेव्हापासून’ असा होतो. आपण सहज बोलताना ‘त्या जुन्या दिवसांत’ म्हणू, तसे. जाता जाता सांगतो, शेवटचा उच्चार ‘साइन’ असा आहे. क्लबांत सर्रास ऐकू येणारे ‘झाइन’ चुकीचे आहे.

आपण ज्या कडव्यांत अडखळता, त्यांत दोन बालमित्रांच्या आठवणी आहेत. आपण दोघे ‘ब्रेज’वर, म्हणजे टेकड्यांच्या उतारांवर, हुंदडलो आणि ‘गोवन’ खुडले. हा गोवन आपल्या गोव्याचा कोणी नव्हे. डेझीसारखे ते रानफूल आहे. मग आपण दोघे सकाळपासून जेवणवेळेपर्यंत ‘बर्न’मध्ये पाय बुडवून खेळलो. बर्न म्हणजे ओहोळ; आपल्याकडचा व्हाळ म्हटले तर चित्र अधिक नेमके उभे राहते. पुढची ओळ आहे ती ‘ब्रेड’ समुद्रांची. या ब्रेडचा पावाशी संबंध नाही; ‘ब्रॉड’चा तो स्कॉट्स उच्चार आहे. तेव्हापासून आपल्या दोघांमध्ये रुंद समुद्र गर्जत राहिले, असे तो मित्र म्हणतो. ज्या घरातला माणूस तारवटी म्हणून वर्षाचे दहा महिने बोटीवर असतो, त्या घरात ही ओळ कोणी फोड करून सांगावी लागणार नाही.

शेवटच्या कडव्यातला ‘गुड-विली वॉख्ट’ हा शब्द सगळ्यांत जास्त हाल झालेला आहे. ‘गुड-विली’ म्हणजे सद्भावनेचा आणि ‘वॉख्ट’ म्हणजे मोठा घोट. जुन्या मैत्रीखातर एक मनापासूनचा घोट घेऊ, एवढाच त्याचा अर्थ. पण गाणाऱ्यांनी आणि काही छापणाऱ्यांनीही जोड भलत्याच जागी तोडला, ‘गुड’ वेगळे काढले आणि ‘विली-वॉख्ट’ नावाचे एक नसलेले पेय निर्माण केले. हसण्यापूर्वी आपण आपल्या आरत्या आठवाव्यात. ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी पावावे’ आपल्याच घरात होते, तेही टाळ वाजवीत आणि पूर्ण श्रद्धेने. अर्थ सुटला तरी चाल सुटत नाही, आणि चालीच्या आधारानेच तो शब्द पुढच्या पिढीच्या तोंडी जातो.

साखळीची एक विद्यार्थिनी विचारते : आम्हांला एमिली ब्राँटी यांची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी अभ्यासाला आहे. तिच्यातल्या जोसेफ या म्हाताऱ्या नोकराचे बोलणे इतके अगम्य आहे की वर्गात ते वगळून पुढे जाण्यास सांगतात. सर, ते वगळले तर काही बिघडेल का?

उत्तर : परीक्षेत बिघडणार नाही, कादंबरीत बिघडेल. मुळात नावातला ‘वदरिंग’ हाच बोलीतला शब्द आहे. पहिल्याच प्रकरणात निवेदक त्याचा अर्थ सांगतो : वादळी हवेत त्या उंचवट्यावरच्या घराभोवती वाऱ्याचा जो कल्लोळ माजतो, त्याचे हे तिथले विशेषण आहे. निवेदक परगावचा, शहरी माणूस आहे. त्याला हा शब्द नवा आहे, म्हणून तो समजावून सांगतो. जोसेफला तो समजावून सांगावा लागत नाही. पाऊस लागायच्या आधी माडाची चुडते एकमेकांवर आपटू लागतात, तो आवाज शहरातून आलेल्या पाहुण्याला वर्णन करून सांगावा लागतो, तसेच आहे हे.

तुमच्यासारखी अडचण पूर्वीही आली होती. कादंबरी १८४७ मध्ये निघाली. एमिली पुढच्याच वर्षी वारली, आणि १८५० च्या आवृत्तीत तिची बहीण शार्लट हिने दक्षिणेकडच्या वाचकांना कळावे म्हणून जोसेफची भाषा सौम्य केली. दुसऱ्या प्रकरणात तो दारातून ओरडून सांगतो की मालक खाली मेंढवाड्यात आहे, बोलायचे असेल तर ‘लेथ’च्या टोकाला वळसा घालून जा. १८४७ मध्ये ‘खाली’साठी तो ‘डान’ म्हणतो. शार्लटने त्याचे पुस्तकी ‘डाऊन’ केले. ‘लेथ’ मात्र तिलाही बदलवला नाही. लेथ म्हणजे धान्याचे कोठार, आणि तो शब्द इंग्रजी नसून व्हायकिंगांचा आहे. डेन लोकांनी यॉर्क शहर ८६६ मध्ये घेतले. त्यांचे राज्य केव्हाच गेले, पण ओहोळाला ‘बेक’ आणि खेळण्याला ‘लेक’ म्हणण्याची रीत यॉर्कशायरात राहिली. पोर्तुगीजांची सत्ता गेली तरी आपल्या भिंतीत ‘जनेल’ (खिडकी) आणि ओसरीवर ‘कदेल’ (खुर्ची) राहिलेच ना?

आता एक व्यावहारिक सूचना. जोसेफ डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने वाचावा. इंग्रजीत ‘द’ हे उपपद असते तेथे तो केवळ एक अर्धा ‘ट’ उच्चारतो. तेवढे लक्षात आले की निम्मे कोडे सुटते. उरलेले निम्मे ‘दाऊ’ आणि ‘दी’, म्हणजे ‘तू’ आणि ‘तुला’, यांचे. प्रमाण इंग्रजीतून ‘तू’ नाहीसा झाला आणि सर्वांना एकच ‘यू’ उरला, यॉर्कशायरात मात्र ‘तू’ विसाव्या शतकातही घरोघर बोलला जात होता. तेथे एक दरडावणी आहे, ‘डोन्ट दी था मी’, म्हणजे मला अरे-तुरे करू नकोस. आपल्याकडे ‘अरे’ला ‘का रे’ने उत्तर देतात, त्यातला हा प्रकार. प्रमाण इंग्रजीने हा ‘तू’ फक्त देवासाठी प्रार्थनेत राखून ठेवला. आपण आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, त्यामुळे यातले जवळिकीचे नाते मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही, हा आपला फायदाच समजावा.

हा ‘तू’ ऐकायचा असेल तर ‘ऑन इल्कला मूर बाट ॲट’ हे यॉर्कशायरचे गाणे ऐकावे. ‘बाट ॲट’ म्हणजे डोक्यावर टोपी न घालता. टोपीवाचून माळावर प्रेयसीला भेटायला गेलास, आता सर्दीने मरशील, आम्ही तुला पुरू, तुला किडे खातील, किड्यांना बदके खातील, बदकांना आम्ही खाऊ, म्हणजे शेवटी तुलाच आम्ही खाल्ले असे होईल, असा त्याचा सगळा हिशेब आहे. इतक्या अद्वैत वेदान्ताला चाल मात्र एका भजनाची आहे. केंट परगण्यातल्या कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने ती बांधली आणि १८०५ मध्ये छापली.

फोंड्याहून एक आई लिहितात : ‘डंबलडोर’ हे गुरुजींचे नाव म्हणजे भुंगा, असे माझ्या नववीतल्या मुलीने कोठेतरी वाचले. हॅरी पॉटरच्या पुस्तकांतली सगळी नावे गंमत म्हणून रचलेली असतील, असे मला वाटत होते. यात तथ्य आहे का?

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. ‘डंबलडोर’ हा भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या गलेलठ्ठ मधमाशीला दिलेला इंग्रजी बोलीतला शब्द आहे, आणि आपले गुरुजी स्वतःशीच गुणगुणत फिरतात अशी कल्पना करून ते नाव दिले, असे लेखिका जे. के. रोलिंग यांनी सांगितले आहे. ‘डोर’ म्हणजे गुणगुणणारा कीटक, आणि ‘डंबल’ हा त्या आवाजाचाच नाद.

परंतु आपल्या मुलीला या शब्दाचा दुसरा, जुना पत्ताही द्यावा. टॉमस हार्डी यांची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी १८८६ ची. तिच्यातला हेंचर्ड हा मोळ्या बांधणारा मजूर वर चढून गावाचा महापौर झालेला आहे, आणि घरात आलेली तरुण मुलगी एलिझाबेथ-जेन खेडवळ शब्द वापरते म्हणून तो संतापतो. ‘बाइड व्हेअर यू बी’, म्हणजे ‘आहात तिथेच थांबा’, एवढे ती म्हणते, तर तो विचारतो की असले शब्द वापरणारी तू डुकरांच्या डोणीत खरकटे ओतण्याच्याच लायकीची आहेस का? मुलगी मुकाट्याने सुधारते. हार्डी या सुधारणेची यादी देतात आणि ती यादी मला सबंध कादंबरीतली सर्वांत उदास जागा वाटते. डंबलडोरला ती पुस्तकी नावाने संबोधू लागली. ‘ग्रेगल्स’ म्हणायची ती निळी रानफुले तिच्या तोंडी ‘वाइल्ड हायसिंथ’ झाली. मुलगा-मुलगी ‘बरोबर चालतात’ असे म्हणायची, ती ‘त्यांचे ठरले आहे’ म्हणू लागली. रात्री झोप लागली नाही की सकाळी ‘मी हॅग-रिड झाले’, म्हणजे चेटकीण रात्रभर माझ्यावर स्वार झाली होती, असे नोकरांना सांगायची. आता ती ‘अपचन झाले होते’ असे सांगते.

शेवटच्या जोडीकडे पुन्हा पाहावे. चेटकीण गेली आणि अपचन आले. अर्थ साधारण तोच राहिला, पण एक सबंध रात्र नाहीशी झाली. माझ्या शिक्षकी काळात, दुपारी मुलांनी ‘पोटात आग पडली’ म्हटले की ‘भूक लागली आहे’ असे नीट बोला, असे मी त्यांना बजावत असे. ती आज्ञा आता मागे घ्यावीशी वाटते. पण ज्यांना बजावले त्यांची मुलेच आता नववीत आहेत.

हार्डी यांच्या मागे त्याच डॉर्सेट परगण्यातला एक वडीलधारा कवी उभा होता : विल्यम बार्न्स, जन्म १८०१, मृत्यू १८८६, धंद्याने आधी शाळामास्तर, मग पाद्री. त्याने १८४४ मध्ये डॉर्सेटच्या बोलीत कवितासंग्रह काढला आणि हार्डी यांनी १९०८ मध्ये त्याच्या निवडक कविता संपादित केल्या. बार्न्सचे म्हणणे असे की इंग्रजीने लॅटिन आणि ग्रीक उसनवारी सोडून घरच्या शब्दांवर संसार करावा. व्याकरणाला तो ‘स्पीच-क्राफ्ट’ म्हणे आणि बाळाच्या ढकलगाडीला ‘पुश-वेनलिंग’. आपल्याकडे सावरकरांनी भाषाशुद्धीत असेच शब्द घडवले. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुळले; बिचारे ‘पुश-वेनलिंग’ रुळले नाही. शब्द शुद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणी थांबत नाही, तोंडात बसतो की नाही हेच लोक पाहतात.

बोलीतले शब्द जमवण्याचे सर्वांत मोठे काम ज्याने केले, तो जोसेफ राइट हा यॉर्कशायरचा. सहाव्या वर्षी खाणीवर गाढवे हाकणारा पोऱ्या, सातव्या वर्षी गिरणीत, आणि साधारण पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर. तोच पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा, सुमारे ७०,००० नोंदींचा कोश प्रसिद्ध केला. नववीतल्या मुलीला हेही सांगावे की ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉल्किन या राइटचेच विद्यार्थी.

मडगावच्या एक वाचिका, ज्या हौसेने समूहगान करतात, विचारतात : एका कार्यक्रमासाठी ‘लाइक-वेक डर्ज’ नावाचे जुने गीत बसवत आहोत. त्यात मेलेल्या माणसाला बूट-मोज्यांविषयी काहीतरी सांगितले आहे. गंभीर गीतात बूट कशाला, हे आम्हांला कळेना.

उत्तर : कळेना कसे, आपल्याच घरात पाहा. ‘लाइक’ म्हणजे आवडणे नव्हे, तर प्रेत. जर्मनमधले ‘लाइश’ त्याचे सख्खे भावंड. इंग्लंडच्या जुन्या चर्चच्या अंगणाला जे छपराचे फाटक असते, जिथे तिरडी क्षणभर टेकवत, त्याला ‘लिच-गेट’ म्हणतात, तो ‘लिच’ हाच. ‘वेक’ म्हणजे जागणे. तेव्हा हे मृताशेजारी रात्र जागवताना म्हणायचे यॉर्कशायरचे गीत आहे. जॉन ऑब्री या संग्राहकाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६८६ च्या सुमारास, ते टिपून ठेवले.

गीत मृताला उद्देशून आहे. ‘दिस ए नाइट’, ही एकच रात्र, असे त्याला पुनःपुन्हा बजावले जाते. येथून निघालास की आधी ‘व्हिनी-मूर’ लागेल. व्हिन हे काटेरी झुडूप. आपण करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला सडा डोळ्यांपुढे आणावा आणि तो अनवाणी ओलांडायचा आहे असे समजावे. जिवंतपणी कोणाला ‘होझन’ आणि ‘शून’ दिले असशील तर खाली बस आणि ते पायांत घाल. दिले नसशील तर काटे हाडापर्यंत शिरतील. होझन म्हणजे पायमोजे, शून म्हणजे ‘शू’चे जुने अनेकवचन, ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’ होते तसे. त्यापुढे ‘ब्रिग ओ ड्रेड’, भयाचा पूल. त्याच्याही पुढे आग; कोणाला अन्नपाणी दिले असेल त्याला ती चटका देणार नाही.

आता आपल्या दिवसकार्यातले दान आठवावे. जोडे देतात, छत्री देतात, पाण्याचे भांडे देतात, आणि वैतरणी ओलांडता यावी म्हणून गाय किंवा गायीचे मोल देतात. कारण तेच : पुढची वाट तापलेली आणि काट्यांची आहे, आणि आपण येथे दुसऱ्याच्या पायांत जे घातले तेच तेथे आपल्या पायांत येणार. एकाने दुसऱ्याकडून उचलले असे मी म्हणत नाही. अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या मनात परलोकाची वाटही काट्यांचीच उगवली, इतके म्हणणे पुरे आहे. आपल्या मंडळींनी गाताना ‘शून’ या शब्दावर आवाज खाली आणावा आणि घाई करू नये. गीताचे सगळे ओझे त्या एका अक्षरावर आहे.

काही प्रश्नांना थोडक्यात उत्तरे :

‘रिंगा रिंगा रोझेस’ हे बालगीत लंडनच्या १६६५ च्या प्लेगविषयी आहे का, असे तिघांनी विचारले आहे. नाही. इंग्लंडात ते छापील स्वरूपात १८८१ च्या आधी दिसत नाही, आणि प्लेगची गोष्ट त्याला विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चिकटली. शिंका हे त्या प्लेगचे लक्षणही नव्हे. मुले गोल फिरतात आणि पडतात. पडण्यात मजा येते म्हणून पडतात.

शेक्सपियरच्या ‘सिंबेलीन’ नाटकातल्या शोकगीतात ‘गोल्डन लॅड्स’ म्हणजे वॉरिकशायरच्या बोलीत पिवळे रानफूल आणि ‘चिमनी-स्वीपर’ म्हणजे त्याच फुलाचा वाळून झालेला कापसाळ गोंडा, असे डिचोलीच्या वाचकांनी ऐकले आहे. कल्पना इतकी सुंदर आहे की खरी असावी असे वाटते, आणि तेवढ्यामुळेच सावध राहावे. शेक्सपियरच्या काळातला लेखी आधार तिला नाही. सोन्यासारखी मुले आणि धुराडी साफ करणारी मुले दोन्ही अखेर मातीलाच मिळतात, हा सरळ अर्थ काही कमी नाही.

बार्देशचे वाचक विचारतात, घोड्यांच्या टापांत ‘प्रॉपर्टी’ ऐकणारा शेतकरी कोणत्या कवितेतला? टेनिसन यांच्या ‘नॉर्दर्न फार्मर, न्यू स्टाइल’ या लिंकनशायरच्या बोलीतल्या कवितेतला. घोडा ‘प्रॉपटी, प्रॉपटी, प्रॉपटी’ करीत धावतो आणि म्हातारा मुलाला उपदेश करतो की पैशासाठी लग्न करू नकोस, पण पैसा असेल तिकडे जा. बार्देशात आज घोडे नाहीत; टापांचा आवाज मात्र रोजच्या वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या पानातून येतो.

शेवटचे पत्र सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांचे आहे : इंग्लंडचे मेंढपाळ मेंढ्या मोजताना ‘यान, टॅन, टेथरा’ असे काही म्हणत, असे वाचले. हे कोणते आकडे? ‘वन, टू, थ्री’शी त्यांचा काही मेळ बसत नाही.

उत्तर : कंब्रिया, यॉर्कशायर, लिंकनशायर या भागांत हे आकडे सापडतात आणि दर खोऱ्यागणिक थोडे बदलतात. एक प्रचलित माळ अशी : यान, टॅन, टेथरा, मेथरा, पिंप, सेथरा, लेथरा, होवरा, डोवरा, डिक. पाचाला पिंप आणि दहाला डिक. पंधराला ‘बमफिट’ म्हणतात आणि सोळा म्हणजे ‘यान-अ-बमफिट’, पंधरावर एक. विसाला पोचले की मेंढपाळ एक खडा बाजूला टाकी किंवा काठीवर एक खाच पाडी आणि पुन्हा यानपासून सुरू करी. त्या खाचेचे नाव ‘स्कोर’. क्रिकेटमधला स्कोर आणि विसाच्या गटाचा स्कोर हे दोन्ही त्या खाचेतूनच आले. आपली ‘कोडी’ही विसाचीच असते.

हे आकडे इंग्रजीशी जुळत नाहीत, कारण ते इंग्रजीचे नाहीतच. वेल्श भाषेत पाचाला ‘पिंप’, दहाला ‘डेग’ आणि पंधराला ‘पिम्थेग’ म्हणतात. शेजारी ठेवले की नाते दिसते. इंग्रज येण्याआधी ब्रिटनमध्ये जी केल्टिक भाषा बोलत, तिच्या घराण्यातले हे आकडे आहेत. ते तेथेच चौदाशे वर्षे टिकून राहिले की वेल्स-स्कॉटलंडकडून नंतर पुन्हा आले, यावर विद्वानांत मतभेद आहेत, कारण त्यांची लेखी नोंद फार जुनी नाही. ‘हिकरी डिकरी डॉक’ या बालगीतातले शब्द होवरा-डोवरा-डिक यांचेच रूप असावेत, असाही एक तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा. पण कानाला पटतो खरा.

मास्तर, आपण मुलांना खेळताना पाहिले आहेच. विटीदांडूत विटी कोठवर गेली ते मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणत. पुढचे शब्द गावागणिक बदलतात. तेलुगूत एकाला ‘ओकटि’, दोनाला ‘रेंडु’, तिनाला ‘मूडु’ आणि चाराला ‘नालुगु’ म्हणतात. शाळेत एक-दोन-तीन घोकणारे पोर मैदानात उतरले की शेजारच्या द्राविडी घरातले आकडे बोलू लागते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कंब्रियाच्या मेंढपाळालाही नव्हता. मोजणी हे हातापायांचे काम आहे. तेथे मूळ जपणारे विद्वान नसतात, लय जपणारी माणसे असतात, आणि एक शब्द बदलला तर सगळी माळ ओघळते म्हणून कोणी बदलत नाही.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की आपल्या आजोबांच्या खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन. ही रीत मीही लहानपणी पाहिली आहे. पायली उपडी होताना आजोबा जो ‘लाभ’ लांबवीत, तो पुरता संपेपर्यंत भाताची शेवटची सळसळ थांबलेली असे. आपल्याकडे विसाव्या पायलीला काय म्हणत आणि खूण खड्याने ठेवत की कोळशाने, ते कृपया कळवावे.